एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स: पार्टिशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मशीनवर विंडोज आधीपासून आहे, ते ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं आहे, असं धरून ही उत्तरं लिहिली आहेत. ड्युअल बूटमधली (म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टिम असतानाची) बहुतेक रडारड पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागांच्या, आकारावरून होत नाही. विंडोजची हद्द लिनक्सच्या साधनाने हलवली, किंवा विंडोज अर्धवट झोपलेलं असताना तिच्या ड्राइव्हवर लिहिलं, यातून ती होते. म्हणून खाली जागोजागी एकच गोष्ट आडून आडून येईल: विंडोजच्या पार्टिशनला विंडोजमधून हात लावा, लिनक्सच्या पार्टिशनला लिनक्समधून.

सुरुवात करण्याआधी काय करून ठेवायचं?

बॅकअप, आणि तो दुसऱ्या डिस्कवर. सी ड्राइव्हमधलं डी ड्राइव्हमध्ये कॉपी केलं म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. दोन्ही एकाच डिस्कवर असतील आणि पार्टिशन टेबल (कुठला भाग कुठे आहे याची यादी) बिघडलं, तर दोन्ही एकदमच दिसेनासे होतात. कॉपी झाल्यावर दोन-चार फायली उघडूनही बघा.

त्यानंतर बिटलॉकरची (विंडोज डिस्कला लावते त्या कुलपाची) रिकव्हरी की शोधून कागदावर उतरवा, फास्ट स्टार्टअप बंद करा (दोन्हींबद्दल पुढे आहे) आणि विंडोजचा एक बूटेबल पेनड्राइव्ह तयार ठेवा. हा पेनड्राइव्ह लागला नाही तर उत्तमच. पण तो लागतो तेव्हा मशीन सुरू होत नसतं, आणि मग तो बनवायला दुसऱ्याचा कंप्युटर शोधावा लागतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसा.

माझी डिस्क एमबीआर आहे की जीपीटी, हे कुठे कळतं? त्याने फरक काय पडतो?

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या बाजूला 'डिस्क ०' असं लिहिलेल्या करड्या चौकोनावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग व्हॉल्यूम्स. तिथे 'पार्टिशन स्टाइल'समोर लिहिलेलं असतं.

एमबीआर ही पार्टिशनची यादी ठेवण्याची जुनी पद्धत, जीपीटी ही नवी. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये पार्टिशनच्या नोंदींना फक्त ६४ बाइट मिळतात आणि एक नोंद १६ बाइट खाते. म्हणून प्रायमरी पार्टिशन चारच. त्याहून जास्त हवी असतील तर त्यातलं एक एक्स्टेंडेड करून त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशन करावी लागतात. शिवाय नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरने २ टीबीच्या पुढची जागा एमबीआरला मोजताच येत नाही. जीपीटीत साधारणपणे १२८ नोंदी मावतात आणि टेबलची एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते. त्यामुळे सुरुवातीचा भाग खराब झाला तरी सावरायला आधार राहतो.

एमबीआर डिस्कवर चारही प्रायमरी भरलेली असताना विंडोजमधून पाचवं करायला गेलात, तर ही डिस्क डायनॅमिक करू का, असं विचारणारी खिडकी येते. तिथे 'नो' म्हणा. 'येस' दाबल्यावर विंडोज चालतच राहतं, म्हणून काही बिघडलंय असं वाटत नाही. पण डायनॅमिक डिस्कवर लिनक्स टाकायचं म्हणजे डोकेदुखी, आणि विंडोज असलेली डिस्क परत बेसिक करायला विंडोजमध्ये सरळ रस्ता नाही.

एमबीआरवरून जीपीटीवर यायचं असेल तर विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे. डेटा न पुसता ते बदल करतं. त्यानंतर बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये) जाऊन बूट मोड यूईएफआय, म्हणजे सुरू होण्याची नवी पद्धत, करावा लागतो, नाहीतर मशीन सुरू होणार नाही.

लिनक्सचा पेनड्राइव्ह बूट मेनूमध्ये दोनदा दिसतो. कुठला निवडू?

तुमचं विंडोज ज्या पद्धतीने सुरू होतं तो. एका नावाआधी 'यूईएफआय' असं लिहिलेलं असतं, दुसऱ्याआधी नसतं. विंडोजमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडून 'बायोस मोड' बघा. तिथे यूईएफआय असेल तर पेनड्राइव्हही यूईएफआयवालाच, 'लेगसी' (जुनी पद्धत) असेल तर दुसरा. एक सिस्टिम यूईएफआयमध्ये आणि दुसरी लेगसीमध्ये बसली, तर दोन्ही आपापल्या जागी ठणठणीत असतात, पण एका मेनूत येत नाहीत. दर वेळी फर्मवेअरमध्ये जाऊन मोड बदलत बसावं लागतं.

डिस्कवर आधीच तीन-चार बारीक पार्टिशन आहेत. ती उडवली तर जागा मिळेल ना?

काही शे एमबी मिळतील आणि विंडोज जाईल.

त्यातलं १०० एमबीच्या आसपासचं, फॅट३२ असलेलं पार्टिशन म्हणजे ईएफआय सिस्टिम पार्टिशन, म्हणजेच ईएसपी. दोन्ही सिस्टिमचे बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारे छोटे प्रोग्राम) त्यातच राहतात. १६ एमबीचं एक राखीव पार्टिशन असतं. डिस्क मॅनेजमेंट ते दाखवतही नाही, पण लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये ते दिसतं आणि नवखा माणूस चक्रावतो. शेवटी असतं ते रिकव्हरी पार्टिशन, बहुधा ५०० एमबी ते १ जीबीचं. तिन्ही जिथे आहेत तिथेच राहू द्या.

सी ड्राइव्हमध्ये दोनशे जीबी मोकळे आहेत, पण डिस्क मॅनेजमेंटमधलं 'श्रिंक व्हॉल्यूम' चाळीसच कमी करू देतं. असं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असावा. मोकळी जागा किती आहे याला इथे महत्त्व नाही. ड्राइव्हच्या शेवटाकडून येताना, हलवता न येणारी पहिली फाइल कुठे आडवी आली आहे, यावर सगळं ठरतं. विंडोज तिथवरच हद्द मागे घेते. अशा फायली ठरलेल्या आहेत: व्हर्च्युअल मेमरीची पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती आणि एनटीएफएसचं (विंडोजच्या ड्राइव्हच्या फॉरमॅटचं) स्वतःचं टेबल.

नेमकी कुठली फाइल आडवी आली आहे हे शोधता येतं. श्रिंकचा एक प्रयत्न करा, मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधल्या 'ॲप्लिकेशन'मध्ये क्रमांक २५९ ची नोंद शोधा. त्यात न हलणाऱ्या शेवटच्या फाइलचं नाव दिलेलं असतं. पेजफाइल असेल तर व्हर्च्युअल मेमरी तात्पुरती बंद करा. हायबरनेशनची फाइल असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी या कमांडने हायबरनेशन बंद करा. रिस्टोअरच्या प्रती असतील तर सिस्टिम प्रोटेक्शन बंद करा, म्हणजे जुने रिस्टोअर पॉइंट जातील हे धरून चाला. मशीन रिस्टार्ट करा आणि पुन्हा श्रिंक करून बघा. बहुतेक वेळा आकडा एकदम वाढतो. काम झालं की बंद केलेलं परत सुरू करायला विसरू नका, विशेषतः पेजफाइल.

एनटीएफएसचं टेबलच आडवं आलं असेल तर मात्र विंडोज हात वर करते. तेव्हा लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या) जीपार्टेड हे पार्टिशन बदलण्याचं साधन वापरावं लागतं. वर सांगितलेल्या नियमाला हा अपवाद आहे आणि तो शेवटचा उपाय म्हणूनच करा: विंडोज पूर्ण बंद केलेलं असावं, ड्राइव्हवर बिटलॉकर नसावं, बॅकअप हाताशी असावा. नंतर विंडोज पहिल्यांदा सुरू होताना डिस्क तपासत बसेल. तसंच व्हायला हवं, मध्येच थांबवू नका.

आणखी एक. श्रिंकच्या खिडकीत विचारलेला आकडा किती कमी करायचं याचा असतो, किती ठेवायचं याचा नव्हे, आणि तो एमबीमध्ये असतो. १०० जीबी मोकळे करायचे असतील तर १०२४०० लिहायचं.

मोकळी झालेली जागा फॉरमॅट करून ई ड्राइव्ह बनवू का?

नको. काळी पट्टी असलेली 'अनअलोकेटेड' जागा तशीच सोडा. लिनक्सच्या इन्स्टॉलरला तीच हवी असते. तिथे ड्राइव्ह बनवलात तर इन्स्टॉलरमध्ये पुन्हा तो पुसावा लागेल, आणि चुकीचा ड्राइव्ह पुसण्याची संधी आपणच निर्माण केलेली असेल.

लिनक्सला किती जागा द्यावी?

उबुंटू या लिनक्सच्या डेस्कटॉपसाठी २५ जीबी सुचवतात. तेवढ्यात ते बसतं, पण राहायला ५० ते ६० जीबी बरे. गेम, कंटेनर, व्हर्च्युअल मशीन असलं काही करणार असाल तर १०० च्या पुढेच विचार करा. दुसऱ्या बाजूला विंडोज ११ ला किमान ६४ जीबीची डिस्क लागते, आणि मोठे अपडेट यायचे असतात तेव्हा सी ड्राइव्हमध्ये बऱ्यापैकी मोकळी जागा हवीच. विंडोजला अगदी भिंतीला टेकवू नका.

हिशोब करताना लक्षात असू द्या, ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ च्या आसपास दिसते. कोणी जागा चोरलेली नाही. डिस्क विकणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या.

रूट, होम, स्वॅप, बूट, सगळी वेगळी पार्टिशन करायची का?

जुन्या मार्गदर्शिका वाचून आलेले लोक सात-सात पार्टिशन करतात. माझं मत सरळ आहे: घरच्या मशीनवर एक रूट पार्टिशन (सिस्टिम बसते ते) पुरे. पार्टिशन जितकी जास्त, तितकी एकात जागा संपलेली आणि शेजारच्यात वाया जाणारी. रूटला २० जीबी देऊन बाकी सगळं होमला (तुमच्या फायलींच्या जागेला) दिलं, की वर्षभरात रूट भरतं आणि अपडेट अडकतात. हे इतकं नेहमीचं आहे की तक्रार ऐकतानाच कारण कळतं.

होम वेगळं ठेवण्यात एक खरा फायदा आहे. लिनक्स पुन्हा टाकताना तुमच्या फायली जागच्या जागी राहतात. वेगवेगळी डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) बदलून बघायची सवय असेल तर जरूर करा. तेव्हा रूटला निदान ४० ते ५० जीबी द्या.

स्वॅपसाठी (रॅम कमी पडली की वापरायच्या जागेसाठी) वेगळं पार्टिशन आता बहुधा लागत नाही. उबुंटू १७.०४ पासून स्वॅप फाइल वापरतं, फेडोरा ३३ पासून रॅममध्येच दाबून ठेवायची झेडरॅम पद्धत वापरतं. मशीन हायबरनेट करायचं असेल तर मात्र रॅमएवढं तरी स्वॅप डिस्कवर लागतं, आणि तेव्हा वेगळं पार्टिशन सोपं पडतं.

इन्स्टॉलरमध्ये 'मॅन्युअल' निवडलं की घाबरायला होतं. तिथे नेमकं काय करायचं?

तिथे सी, डी नसतात. एनव्हीएमई डिस्क असेल तर 'एनव्हीएमई०एन१पी१', 'पी२', 'पी३' अशी नावं दिसतात. नावावरून नव्हे, आकारावरून ओळखा. म्हणूनच इन्स्टॉल करण्याआधी डिस्क मॅनेजमेंटचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा आणि तो समोर धरून बसा.

मोकळ्या जागेवर क्लिक करून एक्स्ट४ (लिनक्सचा फॉरमॅट) प्रकारचं पार्टिशन करा, माउंट पॉइंट (पार्टिशन लिनक्समध्ये कुठे जोडायचं ती जागा) म्हणून नुसती तिरपी रेघ (/) निवडा. हे रूट. मग ते १०० एमबीचं ईएसपी निवडा, माउंट पॉइंट 'बूट'च्या आतला 'ईएफआय' (/boot/efi) द्या, आणि आता थांबा. त्या ओळीत फॉरमॅटचा चौकोन असतो. तो रिकामाच हवा. ईएसपी फॉरमॅट झालं की विंडोजचा बूटलोडर गेला. सी ड्राइव्हमधला डेटा शाबूत असतो, पण विंडोज सुरू होत नाही आणि विंडोजचा तो पेनड्राइव्ह शोधावा लागतो.

'इन्स्टॉल' दाबल्यावर काय काय बदलणार याची यादी येते. ती वाचा. त्यात फॉरमॅट होणाऱ्या पार्टिशनमध्ये फक्त तुम्ही आत्ता केलेली दिसली पाहिजेत. एनटीएफएस असलेलं काहीही त्यात दिसलं तर मागे फिरा. इथपर्यंत डिस्कवर काहीच लिहिलेलं नसतं.

ईएसपी १०० एमबीचंच आहे. दोघांना पुरेल का?

ग्रब (लिनक्सचा नेहमीचा बूटलोडर) वापरणाऱ्या डिस्ट्रोला पुरतं, कारण ग्रबच्या थोड्याच एमबी तिथे बसतात आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) रूटमध्येच राहतो. सिस्टिमडी-बूट हा दुसरा बूटलोडर वापरणारी डिस्ट्रो कर्नलही ईएसपीत टाकते, आणि दोन कर्नलमध्येच ते भरून जातं. अशा वेळी मोकळ्या जागेत ५०० एमबी ते १ जीबीचं दुसरं ईएसपी करणं, मूळचं ताणत बसण्यापेक्षा सोपं आहे.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही!

इंटेल प्रोसेसरच्या लॅपटॉपवर हे फार होतं. फर्मवेअरमध्ये स्टोरेज 'रेड', 'आरएसटी' किंवा 'व्हीएमडी'वर असतं आणि बऱ्याचदा लिनक्सला त्यामागची डिस्क दिसत नाही. ते एएचसीआय या साध्या मोडवर आणायचं असतं. पण थेट बदललं तर विंडोज निळा स्क्रीन दाखवून थांबते.

रस्ता असा: विंडोजमध्ये सिस्टिम कॉन्फिगरेशन उघडून 'बूट' टॅबवर 'सेफ बूट'ला टिक करा. रिस्टार्ट करून थेट फर्मवेअरमध्ये जा, मोड बदला. विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल तेव्हा हवा तो ड्रायव्हर आपणहून जोडून घेईल. मग टिक काढा आणि नेहमीसारखं सुरू करा. अकाउंटचा पासवर्ड पाठ असू द्या, सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही. बिटलॉकर असेल तर तेही आधी सस्पेंड करा.

मी बिटलॉकर कधी लावलंच नाही. तरी की का शोधायची?

कारण अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आपोआप सुरू होतं. एरवी ते जाणवतही नाही. पण सिक्युअर बूट (फक्त मान्य बूटलोडर चालू देणारी फर्मवेअरची सोय) किंवा बूटचा क्रम बदलला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडते, बहुधा.

बिटलॉकर चालू असतानाही डिस्क मॅनेजमेंटमधून श्रिंक करता येतं. जीपार्टेडमधून येत नाही. फर्मवेअरमध्ये काहीही बदलण्याआधी बिटलॉकर सस्पेंड करा, काम झाल्यावर पुन्हा सुरू करा. कायमचं काढून टाकण्याची गरज नाही.

फास्ट स्टार्टअप बंद करायला सगळे सांगतात. एवढं काय त्यात?

विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण शट डाउन राहिलेलं नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर हायबरनेट केला जातो, आणि सी ड्राइव्हचा हिशोब उघडाच राहतो. लिनक्सला ते कळतं, म्हणून ते ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतं किंवा उघडतच नाही. जबरदस्तीने लिहायला लावलंत, तर विंडोज उठल्यावर तिच्या आठवणीतला ड्राइव्ह आणि प्रत्यक्षातला ड्राइव्ह वेगळे असतात, आणि फायली बिघडतात. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सखाली 'चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जाऊन टिक काढा. मोठ्या अपडेटनंतर ती परत आली नाही ना, हेही बघत जा.

दोन्हीकडून वापरायला एक सामायिक ड्राइव्ह हवा आहे. कुठला फॉरमॅट?

एनटीएफएस. लिनक्सच्या कर्नलमध्ये २०२१ च्या ५.१५ आवृत्तीपासून त्यासाठी लिहिता येणारा ड्रायव्हर आहे, त्याआधीपासूनचं एनटीएफएस-३जी तर आहेच. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅट चालेल, पण त्यात जर्नल नसतं, म्हणजे वीज गेल्यावर सावरण्याची सोय कमी.

त्यावर फोटो, गाणी, कागदपत्रं ठेवा. लिनक्सचं होम त्यावर ठेवू नका, परवानग्यांचा घोळ होतो. फायलीच्या नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह टाकू नका. लिनक्स मुकाट लिहून टाकेल आणि विंडोज ती फाइल उघडणार नाही.

मशीनमध्ये दोन डिस्क आहेत. काही वेगळं करायचं?

मग हे सगळं फारच सोपं आहे: विंडोज एकीवर, लिनक्स दुसरीवर, प्रत्येकीचं स्वतःचं ईएसपी. मेख एवढीच की काही इन्स्टॉलर दुसरी डिस्क निवडली तरी बूटलोडर पहिल्या डिस्कच्या ईएसपीतच टाकतात. ते टाळायचं तर इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क काढून ठेवा किंवा फर्मवेअरमधून बंद करा.

लिनक्स टाकलं, पण मेनूत विंडोज नाही. किंवा विंडोजच्या अपडेटनंतर मेनूच गायब झाला.

पहिल्या बाबतीत बहुधा ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर सिस्टिम शोधणारा प्रोग्राम) बंद असतो. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून तो मुळातच बंद ठेवला आहे. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तो सुरू करून ग्रबचा मेनू पुन्हा बनवायचा.

दुसऱ्या बाबतीत फर्मवेअरमध्ये बूटचा क्रम बघा. बऱ्याचदा 'विंडोज बूट मॅनेजर' वर जाऊन बसलेला असतो आणि लिनक्स फक्त खाली सरकलेलं असतं. क्रम परत लावला की झालं. ऑगस्ट २०२४ मधला प्रकार वेगळा होता. तेव्हा विंडोजच्या एका अपडेटने जुने बूटलोडर सिक्युअर बूटच्या यादीत बाद ठरवले आणि अनेकांचं लिनक्स 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' म्हणून थांबलं. अशा वेळी सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्स अद्ययावत करायचं आणि ते परत सुरू करायचं.

दर वेळी विंडोजमधलं घड्याळ चुकतं.

विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ धरते, लिनक्स युटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगा, किंवा विंडोजला युटीसी. दोघांना नको. पार्टिशनचा याच्याशी संबंध नाही.

लिनक्सची जागा कमी पडली तर नंतर वाढवता येते का?

पार्टिशनच्या उजवीकडे मोकळी जागा असेल तर काही मिनिटांचं काम. डावीकडे असेल तर पार्टिशनची सुरुवातच हलवावी लागते, म्हणजे आतला सगळा डेटा एकेक करून सरकवावा लागतो. त्याला तासन्‌तास लागू शकतात आणि मध्येच वीज गेली तर पार्टिशन हातचं जातं. सी ड्राइव्ह कमी करून मिळालेली जागा नेहमी लिनक्सच्या डावीकडेच येते, म्हणून पहिल्याच वेळी थोडी सढळ हाताने जागा द्या.

लिनक्स नको झालं. नुसती पार्टिशन उडवली तर?

आधी फर्मवेअरमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणा आणि विंडोज थेट सुरू होतं याची खात्री करा. मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सची पार्टिशन काढा (ती पुसायचीच आहेत, म्हणून सुरुवातीचा नियम इथे आड येत नाही). तिथे त्यांच्यावर फाइल सिस्टिमचं नाव नसतं, तेव्हा पुन्हा तो मोबाइलमधला फोटो आणि आकार. सी ड्राइव्ह वाढवताना मोकळी जागा त्याला लागून उजवीकडे असावी लागते. मध्ये रिकव्हरी पार्टिशन असेल तर 'एक्स्टेंड' करडंच राहतं.

जुन्या एमबीआर मशीनवर हा क्रम चुकला तर काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' येतं, आणि विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करून बूटरेक कमांडने एमबीआर पुन्हा लिहावा लागतो. यूईएफआयवर ईएसपीमध्ये लिनक्सचा एक छोटा फोल्डर आणि बूट मेनूत त्याची नोंद मागे राहते. ती तशीच राहिली तरी काही बिघडत नाही. खुपत असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून ईएफआयबूटएमजीआर या कमांडने नोंद काढता येते. फोल्डर काढताना शेजारच्या 'मायक्रोसॉफ्ट' नावाच्या फोल्डरला हात लावू नका.